ढेकूळ

मराठीच्या प्राध्यापकांत बसलो की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमचे रसायनशास्त्र तुम्ही मराठीत का सांगत नाही? शब्द नाहीत, हे माझे ठरलेले उत्तर. ते खोटे होते हे मला उशिरा कळले.

आमचे शेत लातूर जिल्ह्यात. माती काळी, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. ती का फुगते, हे संशोधनासाठी नांदेडला गेल्यावर समजले. या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजे विपुल असतात. त्यांची रचना पोथीसारखी, पानावर पान. प्रत्येक पान सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित. पानांच्या मध्ये सोडियम-कॅल्शियमचे धनभारित आयन बसतात, पाणीही शिरते. माझे काम याच कुळातल्या माँटमोरिलोनाइटवर होते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ते ढवळायचे. सोडियमच्या जागी चांदीचे आयन येऊन बसतात. मग सोडियम बोरोहायड्राइड घातले की त्या आयनांचे चांदीचे सूक्ष्म कण होतात आणि पांढुरकी माती तपकिरी पडते.

एवढा खटाटोप कशासाठी? १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर तोच ६०० चौरस मीटर होतो. उत्प्रेरकाचे काम चालते ते या पृष्ठभागावर.

कसोटी सोपी होती. बोरोहायड्राइड घातलेले नायट्रोफेनॉलचे द्रावण पिवळेधमक असते. त्यात ही माती टाकली की अमिनोफेनॉल तयार होते आणि रंग जातो. पहिल्या वेळी चहा निवायच्या आत गेला. तीच माती गाळून, धुऊन पुन्हा वापरत गेलो. चौथ्या वेळी पिवळेपणा हटेना. प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात मी पहिल्याच वेळचा आकडा लिहिला. चौथ्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

त्या सुटीत अहमदपूरमार्गे गावी गेलो. वडिलांनी विचारले, "काय करतोस रे तिथं दिवसभर?" अडखळत सांगितले. बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, मग काम करत नाहीत, इथवर आलो. इंग्रजी शब्द ओठांवर होता, मराठी सापडत नव्हता.

"म्हणजे ढेकूळ होतंय म्हण की," ते म्हणाले. "वापसा नसताना औत घातलं की व्हतंच. मग सांगायला लाजतोस कशाला?"

लाज शब्दाची नव्हती, हे त्यांना ठाऊक नव्हते. मला होते.

नांदेडला परतल्यावर चांदीचे प्रमाण कमी केले, बोरोहायड्राइड थेंबाथेंबाने घातले. नव्या मातीत रंग जायला पहिल्या वेळी अधिक वेळ लागला. पण चौथ्या वेळीही तो गेला. प्रबंधाच्या कोष्टकात दोन्ही मातींचे चारही आकडे दिले, फसलेला आकडाही.

तो प्रबंध इंग्रजीतच आहे. वहीत मात्र त्या आकड्यापुढे मी मराठीत लिहिले आहे: ढेकूळ.