देश, काल आणि पात्र : कोरफडीच्या खताविषयी दोन शब्द

दान कसे असावे हे सांगताना आपल्या शास्त्रकारांनी तीन कसोट्या लाविल्या आहेत : देश, काल आणि पात्र. योग्य स्थळी, योग्य समयी व योग्य पात्री जे दिले जाते तेच दान. एरवी देणाऱ्याचे समाधान होते, घेणाऱ्याचे कल्याण होतेच असे नाही. शाळेत संस्कृत शिकवीत असता हा विचार आम्ही मुलांस पुष्कळ वेळा समजावून दिला. सेवानिवृत्तीनंतर परसदारी वेळ जाऊ लागला, तेव्हा या कसोट्या झाडांस खत घालतानाही तितक्याच उपयोगी पडतात असे आमच्या ध्यानी आले. ज्या झाडाच्या बाबतीत त्या सर्वांत अधिक मोडल्या जातात ते झाड म्हणजे घरोघरची कोरफड होय.

आमचे देवळे गिरणेच्या खोऱ्यातले. सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत. कांदा आणि डाळिंब पिकविणाऱ्या या मुलखास पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. विहिरींनी तळ गाठले होते, लोक खडी फोडावयास जात होते, घरोघर मिलोच्या भाकरी होत होत्या. त्या वर्षी आमच्या परसातील बहुतेक सर्व झाडे वाळली. परंतु मोरीच्या कडेस आमच्या मातुःश्रींनी लावलेली कोरफड हिरवी राहिली. तिला हात धुतलेले चार थेंब मिळत, तेवढेच. कोणाचा हात भाजला की त्याच झाडाचे पान चिरून गर लावावयाचा, हा घरचा परिपाठ होता. आज मातुःश्री नाहीत, ते घरही जुने राहिले नाही. पण ती कोरफड आहे. कारण हे झाड बीज क्वचितच धरते. त्याची वाढ मुळाशी फुटणाऱ्या पिलांनी होते, आणि पिलू म्हणजे नवे झाड नसून त्याच झाडाचा तुकडा असतो. आमच्या चार भावंडांच्या घरी जी कोरफड आहे ती, एका अर्थी, मातुःश्रींच्या हातचे तेच एक झाड होय.

त्यांपैकी आमच्या धाकट्या बंधूंच्या घरची कोरफड चार वर्षांपूर्वी गेली. ते नाशकास सदनिकेत राहतात. आईची आठवण म्हणून कुंडी देवघराजवळच्या खिडकीत ठेविली होती. प्रेमापोटी दर रविवारी पाण्यात विरघळणारे खत घालण्याचा त्यांनी नेम धरिला. प्रथम झाड भराभर वाढले. पाने लांब झाली, तशीच फिकट व लुळीही झाली; आणि श्रावणात एके दिवशी बुडखा कुजून सबंध झाड हातात आले. त्यांनी आम्हांस दूरध्वनीवरून विचारले, “दादा, काय कमी पडले हो?” आम्ही उत्तर दिले, “कमी काहीच पडले नाही, बाळ, तेच झाले.”

आता पात्राचा विचार करू. वैद्यकात कोरफडीस कुमारी, गृहकन्या, घृतकुमारी अशी नावे आहेत. घरची कन्या खरी, पण खाणे अगदी मोजके! बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरील रंध्रे उघडून हवा घेतात व त्याबरोबर पाणी गमावितात. कोरफड ती रंध्रे मुख्यतः रात्री उघडते, रात्री घेतलेला कार्बनवायू आम्लरूपाने साठविते आणि दिवसा दारे मिटून त्यावर आपले अन्न शिजविते. या युक्तीने पाणी वाचते. पण वाढ सावकाश होते. जिची वाढ सावकाश तिची भूकही थोडी. तिला नत्र अधिक झाले की पेशी पाण्याने फुगतात, गर पातळ होतो, पान स्वतःचा भार सोसत नाही, आणि कुजविणाऱ्या बुरशीस व किडीस आयते भक्ष्य मिळते. आपल्याकडे दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन् महिने हिरवी राहते, हे वाचकांनी पाहिले असेलच. जी मातीवाचून राहू शकते, तिला आठवड्यास खत कशाला?

पात्र शब्दाचा दुसरा अर्थ भांडे. तोही येथे लागू पडतो. जमिनीत लावलेल्या कोरफडीस बहुधा काहीच घालावे लागत नाही. तिची मुळे आपले आपण शोधून घेतात. कुंडीतल्या झाडास मात्र तेवढ्याच मातीवर गुजराण करावी लागते, म्हणून त्यास थोडे द्यावे. पण कुंडी पिलांनी भरून गेली असेल तर तेथे खताची नव्हे, मोकळ्या जागेची गरज असते. पिले वेगळी करून माती बदलावी. हेच तिचे खत. कडक उन्हात पाने तांबूस होतात, तीही भुकेची खूण नव्हे; आणि पाने पातळ होऊन आत वळली तर ती तहान समजावी.

देशाचा विचार म्हणजे मातीचा व पाण्याचा. आमच्याकडील काळी माती पाणी धरून ठेविते आणि चुनखडीची व क्षारयुक्त असते. नुसत्या काळ्या मातीत कुंडी भरिली तर कोरफडीची मुळे गुदमरतात. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू अथवा बारीक मुरूम आणि एक भाग पुरते कुजलेले शेणखत, हे मिश्रण आम्हांस मानवले आहे. चुलीची राख जुन्या गृहिणी घालीत. तिच्यात पालाश असते हे खरे, पण ती मातीचा क्षारपणा वाढविते. म्हणून आपल्या मुलखात चिमूटभराहून अधिक नको. हाडांच्या चुऱ्याविषयी पुष्कळ घरांत मनास संकोच वाटतो. त्यांनी खंत करू नये. चुनखडीच्या मातीत त्यातील स्फुरद झाडास फारसे मिळतच नाही. कूपनलिकेचे जड पाणी घालीत असल्यास कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो. तो दिसताच खत बंद करावे आणि पावसाचे पाणी भरपूर ओतून तळाच्या छिद्रातून वाहू द्यावे.

कालाविषयी आमचा नियम सोपा आहे. पहिले खत मृगाचा पाऊस लागून माती ओली झाली म्हणजे. दुसरे आश्विनात, पाऊस ओसरल्यावर. वर्षात ही दोन वेळां पुरेत. पौषाच्या थंडीत झाड निजलेले असते, तेव्हा देऊ नये. चैत्रवैशाखाच्या तलखीत तर मुळीच देऊ नये. कोरड्या मातीत खताचे क्षार मुळांतील उरलेसुरले पाणी बाहेर ओढून घेतात, त्यामुळे मुळे करपतात. आधी पाणी, मग खत, हा क्रम कधीही उलटू नये.

आता परिमाण. चांगल्या शेणखताच्या शंभर किलोंत नत्र सुमारे अर्धा किलो असते. युरियाच्या शंभर किलोंत ४६ किलो. म्हणजे युरियाची चिमूट ही शेणखताच्या ओंजळीपेक्षाही भारी पडावयाची. बारा इंची कुंडीस जुने शेणखत अथवा गांडूळखत एक मूठ, तेही वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळून द्यावे. डाळिंबाच्या ठिबकास वापरतात ते १९:१९:१९ खत घरी असेल व तेच घालावयाचे असेल, तर लिटरभर पाण्यास एक ग्रॅम, याहून अधिक नाही. आपल्या प्राचीन वृक्षायुर्वेदात कुणपजलासारखी जोरकस द्रव खते सांगितली आहेत. सुरपालाच्या ग्रंथाचे भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाल्यापासून त्यांविषयी कुतूहलही वाढले आहे. परंतु ती फळाफुलांनी लवणाऱ्या वृक्षांकरिता होत. पुरणपोळी उत्तम खरी, म्हणून ती तान्ह्या मुलास कोणी भरवीत नाही.

एक सूचना भगिनींस विशेष करावीशी वाटते. ज्या झाडाचा गर पोटात घ्यावयाचा त्यास रासायनिक खत घालूच नये हे बरे. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा कडू रस येतो तो तीव्र रेचक आहे. पान उभे धरून तो पुरता निथळू द्यावा. आणि गर्भवती स्त्रियांनी कोरफड पोटात घेऊ नये.

बंधूंकडे आम्ही आमच्या परसातील एक पिलू वर्तमानपत्रात गुंडाळून धाडिले होते. चार दिवस सावलीत सुकवून, जखम भरल्यावरच ते लावावे आणि सहा महिने खत दाखवूही नये, असे बजाविले होते. त्यांनी ते कसोशीने पाळिले. पुढेही वर्षाला दोनच मुठी, याहून अधिक काही नाही. गेल्या माघात त्या झाडास पहिला दांडा आला. त्यावर पिवळी, खाली झुकलेली फुले लागली, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत मध चाखण्यास शिंजीर येऊ लागला. आमच्या धाकट्या भावजयीने तो दांडा मोजला. अडीच फूट भरला. मातुःश्रींच्या कोरफडीसही एवढाच येत असे.

अरबी भाषेत कोरफडीचे नाव आणि धीर हा शब्द एकाच धातूपासून झाले आहेत, असे कोशकार सांगतात. आपण तिला कुमारी म्हटले, त्यांनी धीर म्हटले. दोन्ही नावे लक्षात ठेवून मृगाच्या पहिल्या सरीनंतर वाचकांनी आपापल्या कुंडीकडे जावे, आणि मूठ उघडण्यापूर्वी माती ओली आहे की नाही, हे बोट घालून पाहावे.