आईचा तंबोरा आणि एक पाकीट

पस्तीस वर्षे पोस्टात काढलेल्या माणसाला ‘एन्व्हलप’ म्हणजे पाकीट, यापलीकडे त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून गेल्या श्रावणात आमचे चिरंजीव जेव्हा कुरकुरले, “बाबा, फिल्टरचं एन्व्हलप काही जमत नाहीये,” तेव्हा “तिकीट कमी लावलं असशील,” एवढेच मी सुचवू शकलो.

चिरंजीवांनी सिंथेसायझर आणला होता. त्यांना त्यातून आजीचा तंबोरा काढायचा होता.

हा तंबोरा मिरजेचा. १९९४ साली गिरगावातली चाळ सोडून आम्ही डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा तो ठेवायला जागा नाही म्हणून मी विकला. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर ती गायलीही नाही. चिरंजीव तेव्हा सहा वर्षांचे होते आणि भोपळ्याला कान लावून बसायचे.

“यंत्रातून कसला तंबोरा निघतो?” मी म्हटले. त्यावर त्यांनी मला चरणजित सिंगांचे नाव सांगितले. त्या गृहस्थांनी १९८२ साली मुंबईत असल्याच यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली होती म्हणे. मी गप्प बसलो आणि खुर्ची ओढली.

समजले ते असे. यंत्रातून निघणारा मूळ सूर करवतीसारखा खरखरीत असतो. त्याच्या पोटात खालचे-वरचे सगळे उपस्वर असतात. फिल्टर ही त्याची चाळणी. ती वरचे उपस्वर अडवते आणि खालचे सोडते. चाळणी मिटली की सूर घोंगडीखाली गेल्यासारखा वाटतो, उघडली की लख्ख होतो. आता ही उघडमीट सुरागणिक आपोआप व्हावी म्हणून हे पाकीट. त्याला चार बटणे : अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. ही विभागणी अमेरिकेतले संगीतकार व्लादिमीर उसाचेव्स्की यांनी १९६५ च्या सुमारास रॉबर्ट मूग या यंत्रकाराला सुचवली. चाळणी किती वेळात उघडावी, किती वेळात खाली यावी, पट्टी दाबून धरली असता कुठे थांबावी आणि सोडल्यावर किती वेळात मिटावी, हे ती ठरवतात. त्यांतली तीन वेळ मोजतात. तिसरे मात्र पातळी मोजते. या तिसऱ्याने माझे दोन दिवस खाल्ले. आणखी एक पाचवे बटण असते. पाकिटाचा हुकूम चाळणीने कितपत मानायचा, हे त्याच्या हाती. ते शून्यावर असले तर बाकीची चारही खुशाल फिरवा! आमच्या कचेरीत असे साहेब पुष्कळ होते.

चिरंजीवांनी अटॅक शून्यावर ठेवला होता. तार छेडली की आधी लख्ख, मग मंद. हिशेब सरळ होता, पण निघत होती ती सतारीची चुलत बहीण.

“तंबोऱ्याचं उलट असतं,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हे कसे निघाले कोण जाणे! आई घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावायची ते आठवले. बोट तारेवरून उठले की आधी नुसती तार ऐकू येई. झळाळी मागाहून चढे. चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आवाजाचं पाकीट लगेच उघडायचं आणि फिल्टरचं उशिरा!” कारण पाकिटे दोन असतात : एक आवाज लहान-मोठा करते, दुसरे त्याची झळाळी. त्यांनी चाळणी खाली आणली, फिल्टरचा अटॅक अर्ध्या सेकंदापर्यंत नेला, एका छेडीची आस दुसरीत मिसळावी म्हणून दोन्हीकडचा रिलीज लांबवला आणि रेझोनन्स किंचित चढवला. त्यामुळे चाळणी उघडताना एकेक उपस्वर पुढे येऊन जाऊ लागला.

पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज.

तंबोरा नव्हता. दर छेड हुबेहूब सारखी. आईचे बोट असे कधी पडत नसे. पण त्या खोलीत मला बसवेना.

“आजी कुठल्या पट्टीत गायची, बाबा?”

“काळी चार,” मी ठोकून दिले.

स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, “काळी पाच. सासूबाई नेहमी काळी पाच लावायच्या.”

चिरंजीवांनी काही न बोलता पट्टी बदलली.