कारकुनाने मागितलेली शिक्षा

साय-फाय म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंतराळयानं आणि लेझरच्या बंदुका येतात. म्हणून आधीच सांगते, आज ज्या एपिसोडबद्दल लिहितेय त्यात लढाई नाही. बराचसा एपिसोड एका कोठडीत घडतो. आत एक म्हातारा कैदी, बाहेर त्याची चौकशी करणारी बाई, आणि दोघांचं बोलणं. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या मालिकेच्या पहिल्याच सीझनमधला हा 'ड्युएट' नावाचा एपिसोड १९९३ साली आला. पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी इथेच थांबा.

पार्श्वभूमी थोडक्यात. बजोर ग्रहावर कार्डेशियन लोकांनी जवळपास अर्धं शतक राज्य केलं. खाणी लुटल्या, माणसांना छावण्यांमध्ये राबवून मारलं. मालिका सुरू होते तेव्हा ते नुकतेच निघून गेलेत. किरा नेरिस ही बजोरच्या भूमिगत लढ्यात वाढलेली, आता अंतराळस्थानकावर मेजर. एक दिवस निरोप येतो की एका प्रवाशाला कॅला-नोरा नावाच्या आजारावर उपचार हवेत. हा आजार फक्त गॅलिटेपच्या छावणीत, तिथल्या खाणीतल्या अपघातात सापडलेल्यांनाच झाला होता. ती छावणी सोडवायला गेलेल्यांत किरा स्वतः होती. तिथून वाचलेला आपला कुणी माणूस आलाय म्हणून ती लगबगीने भेटायला जाते. समोर असतो कार्डेशियन.

तो सांगतो, माझं नाव मारित्झा, मी साधा फायली लावणारा कारकून. किरा विश्वास ठेवत नाही. मग एक जुना फोटो मिळतो आणि त्यावरून कळतं की हा चेहरा तर छावणीचा प्रमुख गुल डारहीलचा, म्हणजे 'गॅलिटेपच्या कसाया'चा. पकडला गेल्यावर तो नाकारत बसत नाही. उलट फुशारक्या मारायला लागतो. किती मारले, कसे मारले, आणि का योग्यच केलं. हॅरिस युलिन या नटाने हे काम असं केलंय की कोठडीची भिंत मध्ये आहे याचं आपल्याला बरं वाटतं.

पण तपासात गोष्टी जुळत नाहीत. अपघाताच्या दिवशी डारहील छावणीत नव्हताच, तो मायदेशी पदक घेत होता. आणि तो सहा वर्षांपूर्वी मेलाय. मोठी अंत्ययात्रा निघाली होती त्याची. कोठडीतला माणूस खरोखरच कारकून मारित्झा आहे. शस्त्रक्रिया करून त्याने साहेबाचा चेहरा घेतलाय, घरचं सगळं मार्गी लावलंय, आणि मुद्दाम पकडलं जायला इथे आलाय. का? तर कसाई म्हणून आपल्यावर खटला चालावा, आपल्याला शिक्षा व्हावी, आणि त्या निमित्ताने आपल्या देशाला आपलं पाप कबूल करावं लागावं.

किरा हे तोंडावर सांगते तेव्हा तो मोडतो. रात्री कैद्यांच्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून खाटेखाली कान झाकून पडून राहायचो, एवढंच त्याचं खरं कृत्य. मी भ्याड होतो, म्हणतो.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे. १९६१ साली जेरुसलेममध्ये काचेच्या पेटीत बसून आइकमनने काय सांगितलं होतं? मी फक्त हुकूम पाळले. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था बघणारा अधिकारी स्वतःला यंत्रातला एक किरकोळ भाग म्हणवत होता. इथे बरोबर उलटं आहे. जो खरोखर किरकोळ होता, तो म्हणतो सगळं मीच केलं. ज्याने केलं तो पदकं घेऊन, सन्मानाने मेला.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. हा एपिसोड आल्यानंतर बावीस वर्षांनी, २०१५ साली, जर्मनीत ऑस्कर ग्रोनिंग नावाच्या ९४ वर्षांच्या माणसावर खटला चालला. आउशवित्झमध्ये मारल्या जाणाऱ्यांकडून काढून घेतलेला पैसा मोजून नोंदवणं हे त्याचं काम. तीन लाख लोकांच्या हत्येला साहाय्य केल्याबद्दल त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, आणि तुरुंगात जायच्या आधीच तो २०१८ मध्ये वारला. पण हाच माणूस त्याआधी बीबीसीच्या माहितीपटात स्वतःहून बोलला होता. 'असं काही घडलंच नाही' म्हणणाऱ्यांना त्याचं उत्तर होतं, घडलं, मी तिथे होतो.

त्याच खटल्यात इव्हा कोर या आउशवित्झमधून वाचलेल्या बाईंनी त्याला जाहीरपणे माफ केलं. दोघांचा फोटो जगभर गेला. पण बाकीच्या अनेक फिर्यादींनी याला उघड विरोध केला. आमच्या मेलेल्या माणसांच्या वतीने आम्ही कशी माफी देणार, असा त्यांचा सवाल. मला दोघांचंही पटतं. स्वतःवर झालेलं माफ करणं हा इव्हाबाईंचा हक्क. पण तो फोटो दाखवून बाकीच्यांना 'बघा, शिका यांच्याकडून' असं सांगण्याचा हक्क कुणालाच नाही.

इथे घरातलं एक सांगते. माझा धाकटा मामा कारखान्यात बॉयलर फुटून गेला. तपासणी झालीच नव्हती, रजिस्टरमध्ये मात्र झाल्याची नोंद होती. वर्षभराने ती नोंद करणारा कारकून मामीकडे आला. दारातच उभा राहिला, रडायला लागला, म्हणाला, वहिनी, साहेबांनी लिही म्हटलं, मी लिहिलं, मला माफ करा. मामीने त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "भाऊ, मी माफ केलं तरी हे यायचे नाहीत, आणि नाही केलं तरी यायचे नाहीत. तुम्ही ते रजिस्टरचं तेवढं लेखी द्या." त्याने दिलं. भरपाई मिळाली, साहेबांना काही झालं नाही. त्या माणसाला माफ केलं का, असं मामीला कुणी विचारलं की ती एवढंच म्हणते, तो खरं बोलला.

'ड्युएट'मध्येही मारित्झा माफी मागत नाही, आणि किराही तोंडाने माफ करत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती फक्त कोठडीचं दार उघडते. तो म्हणतो, मला मरायला हवं. ती म्हणते, पुरेसे चांगले लोक मेलेत, आणखी एकाला मारण्यात मी मदत करणार नाही. दुःख तिचं कमी झालेलं नाही. पण समोरच्या माणसाचं नाव आणि त्याचा नेमका गुन्हा तिला आता माहीत आहे. खरं कळल्याशिवाय ती इथवर आली नसती.

आपल्याकडे काय होतं? कुठलीही दंगल, कुठलीही दुर्घटना घ्या. महिनाभरात सल्ले सुरू होतात, झालं गेलं विसरा, किती दिवस उगाळणार. खरं काय घडलं हे कुणी सांगितलेलं नसतं, अहवाल कपाटात असतो, आणि मोठं मन दाखवायचं असतं ते ज्याचं माणूस गेलं त्याने. आधी सांगा काय केलंत. माफीचं मग बघू, आणि ते आम्ही बघू.

दुसऱ्या टोकाला जे आहे तेही एपिसोड सोडत नाही. किरा मारित्झाला सोडायला निघालीय, दोघं गर्दीतून चाललेत. पाठीमागून एक बजोरी माणूस येतो आणि सुरा खुपसतो. किरा ओरडते, का? हा डारहील नव्हता! तो म्हणतो, कार्डेशियन आहे ना, तेवढं पुरे.

एपिसोडच्या सुरुवातीला किराही जवळजवळ हेच बोलत होती. आता ती प्रेताजवळ बसून म्हणते, नाही. पुरे नाही.

मिळाला तर जरूर बघा. मालिकेचं आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं.