तीस खटक्यांची पेटी

पेटीच्या दर्शनी अंगावर तीस खटके एका ओळीत. पहिला १५ व्होल्टचा, मग पंधरा-पंधराने चढत थेट ४५०. खाली पाट्या: सौम्य झटका, तीव्र झटका, धोका. शेवटच्या दोन खटक्यांपाशी शब्दच संपतात, उरतात नुसत्या फुल्या. खटका दाबला की लाल दिवा लागे, गुणगुण होई, काटा उजवीकडे सरके.

१९६१ साली येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी, माणूस हुकूम कुठवर पाळतो हे पाहायला, तिला कामाला लावलं. भिंतीपलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की झटका द्यायचा, दर चुकीला एक खटका वर. तीनशेला तो भिंतीवर धडका मारी, पुढे सामसूम. खरं तर त्याला काहीच होत नव्हतं. तो सामील होता, आणि पेटी खोटी.

तरी प्रयोगशाळेचं सारं बळ मला या पेटीत दिसतं. चाळीस जण आले, प्रत्येकापुढे ती तीच, तशीच. म्हणून एक गोष्ट बदलून फरक मोजता आला. चाळिसांतले २६ शेवटपर्यंत गेले. ‘त्याचा हात झटक्याच्या पट्टीवर तुम्हीच दाबून धरा’ म्हटल्यावर दुसऱ्या चाळिसांतले १२. पण हे बळ फसवणुकीवर उभं होतं. माणसं घामाघूम झाली, थरथरली, आणि त्यांच्या त्या रात्रींचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही. शिवाय विद्यापीठाच्या खोलीत ‘इथे कुणाला मरू देणार नाहीत’ हा भरवसा असतोच.

१९६६ मध्ये मनोविकारतज्ज्ञ हॉफ्लिंग यांनी पेटी टाकून टेलिफोन घेतला. अनोळखी ‘डॉक्टर’ खऱ्या वॉर्डातल्या नर्सला अपरिचित औषधाचा दुप्पट डोस द्यायला सांगे. २२ पैकी २१ तो द्यायला निघाल्या. हे आयुष्याच्या जवळचं खरं, पण त्या नर्सना कुणी विचारलंच नव्हतं. १९७७ मधल्या अशाच दुसऱ्या प्रयोगात औषध ओळखीचं होतं, सहकाऱ्यांशी बोलायची मुभा होती, तेव्हा १८ पैकी दोघीच तयार झाल्या. औषधामुळे की सोबतीमुळे? वॉर्ड ते सांगत नाही. पेटीला विचारता आलं असतं.

आता ती ओहायोतल्या ॲक्रनच्या संग्रहात आहे. तिने दिलेला झटका एकच खरा होता: सुरुवातीला, विश्वास बसावा म्हणून, दाबणाऱ्याच्याच मनगटाला. ४५ व्होल्ट, तिसरा खटका. तिसाव्यापर्यंत गेलेल्या त्या सव्वीस जणांनी तो आधी स्वतः सोसलेला होता.