दोन केसांएवढा रंग

मोटारीच्या पत्र्यावरचा सगळा रंग तळापासून वरपर्यंत मोजला, तर साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. माणसाच्या डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवावेत, एवढीच ही जाडी. तेवढ्यात चार थर बसवलेले असतात. सर्वांत खाली, पत्र्याला गंज धरू नये म्हणून विजेच्या साहाय्याने चढवलेला थर. त्यावर बारीक उंचसखलपणा बुजवणारा प्रायमर. मग प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप, ज्याला गॅरेजात सगळेच क्लिअर कोट म्हणतात. लाल गाडी लाल दिसते ती तिसऱ्या थरामुळे. ती चमकते मात्र चौथ्यामुळे. हा वरचा लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, आणि मेलेला रंग पुन्हा उजळण्याचे सारे काम त्याच्याही वरच्या चार-दोन मायक्रॉनांत चालते.

चकाकी म्हणजे सपाटी. पृष्ठभाग सपाट असला की त्यावर पडलेला प्रकाश एका शिस्तीत परततो आणि बॉनेटमध्ये आभाळ दिसते. चरे पडले की प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि रंग थकल्यासारखा पांढुरका वाटतो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ते हेच चरे. खरे तर ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळे गोल भासते. पॉलिश करणे म्हणजे रंगावर काही चढवणे, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेप खाली आणायचा असतो. काहीही चढत नाही, उलट थोडे कमी होते. कमी झालेले पुन्हा मिळत नाही.

मराठवाड्यातल्या परळी वैजनाथमध्ये हे चरे कुठून येतात, याचे उत्तर गाडीच्या टपावर बोट फिरवले की बोटाला लागते. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झाले, तेव्हा तिथे ३० मेगावॉटचे संच होते. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटचे संच आले, पुढे २५० मेगावॉटचे. परळीत त्या १९७१ साली जन्मलेला माणूस आणि गाडीवर बसणारी राख एकाच वयाची आहेत. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते, साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के. हा कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकला जातो. उरलेली राख धुराबरोबर वर निघते. तिचा बहुतेक भाग चिमणीच्या आधी विजेच्या यंत्रणेने पकडला जातो, आणि पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली राख उन्हाळ्यात वाळली की वारा तिला पुन्हा उचलतो. केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून राखेचा वापर विटा आणि बांधकामात करण्यावर भर दिला. त्यामुळे राख वाया जात नाही, ही चांगलीच गोष्ट. पण ती ट्रकांतून रस्त्यावरही आली.

सूक्ष्मदर्शकाखाली ही राख सुंदर दिसते. कोळशातली माती भट्टीच्या धगीत वितळून निवताना तिचे गोल, काचेचे मणी होतात, बरेचसे तर मायक्रॉनांत मोजावेत इतके बारीक. त्यांत सिलिका आणि ॲल्युमिना असते, आणि दोन्ही गाडीच्या लेपापेक्षा कितीतरी कठीण. चुलीतली राख वेगळी, लाकडाची. पण मूठभर राख घेऊन नारळाच्या शेंडीने पितळी तांब्या लखलखीत करणाऱ्या घरात राख घासली की काय करते हे वेगळे सांगावे लागत नाही. पितळ ते घासणे सोसते. दोन केसांएवढ्या रंगाला ते सोसत नाही.

मार्गशीर्षातली एक सकाळ जवळून पाहावी. रात्री अंगणात उभ्या गाडीवर राख बसलेली असते. पहाटे तिच्यावर दव पडते आणि टपावर करड्या रंगाचे पातळ सारवण तयार होते. नऊच्या उन्हात ते वाळते आणि काचेच्या कडांशी, वायपरखाली त्याच्या खपल्या धरतात. गाडीचा मालक फडके घेऊन बाहेर येतो. फडके झटकतो, बॉनेटच्या मधोमध ठेवतो आणि हाताचा तळवा दाबून गोल गोल फिरवू लागतो. कान जवळ नेला तर बारीक करकर ऐकू येते. करडेपणा जातो, खालचा रंग वर येतो, मालकाला समाधान वाटते. फडके उलटे करून तो दरवाजांकडे वळतो. त्या एका मिनिटात काचेचे असंख्य मणी बॉनेटवरून दाबून ओढले गेलेले असतात. परळीतल्या गाड्यांचा रंग बेपर्वाईने कमी आणि मायेने जास्त खराब होतो. जी गाडी रोज पुसली जाते तिच्यावर चरे जास्त, आणि जी महिनाभर तशीच उभी असते तिचा रंग धुतल्यावर पुष्कळदा नवा निघतो.

कोरडे पुसण्याची सवय निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. तिच्यामागे पाणी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे वीज केंद्रच बंद ठेवावे लागले होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. जिथे टँकर आला की कळशा घेऊन पळायचे, तिथे चार बादल्या गाडीवर ओतायला हात धजत नाही, आणि धजूही नये. मराठवाड्यातल्या माणसाने फडके कोरडे वापरले, कारण बादली घरात लागत होती.

या फडक्याचाही एक प्रवास आहे आणि तो १९७१ च्या त्या माणसाच्या वयाबरोबर चालतो. त्याच्या लहानपणी फडके म्हणजे जुन्या धोतराचा तुकडा. गाडी असलीच तर ॲम्बॅसिडर, जीप किंवा फियाट. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. त्या गाड्यांवर पारदर्शक लेप नव्हता. रंग आणि चकाकी एकाच थरात. उन्हाने वरचा पापुद्रा मरायचा, बोट लावले की खडूसारखी भुकटी निघायची. मग रबिंग कंपाउंड लावून हाताने घासायचे. घासता घासता धोतराचा तुकडा गाडीच्या रंगाचा व्हायचा: फिक्या पिवळ्या फियाटला पिवळा, काळ्या ॲम्बॅसिडरला काळा. मुलाला वाटायचे मळ निघतो आहे. निघत होता तो रंगच, पण निघत असलेला दिसत तरी होता.

त्या काळच्या पेंटरकडे भट्टी नव्हती. कारखान्यात नव्या गाडीचा रंग सुमारे १४० अंशांवर भाजून पक्का होतो. गॅरेजात मात्र नायट्रोसेल्युलोजचा रंग मारायचे, ज्याला जुने लोक ड्यूको म्हणतात. ड्यूको हे १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने आणलेल्या रंगाचे नाव. ते रंगाच्या साऱ्या जातीला चिकटले. हा रंग हवेत झटपट वाळतो, पण वाळल्यावर मंद दिसतो. त्याला ओल्या पॉलिश पेपरने आणि कंपाउंडने घासूनच चमक आणावी लागते. आज ज्याला डिटेलिंग म्हणतात आणि शहरांत काचेच्या दालनांत करतात, त्याचे मूळ या घासणाऱ्या हातांत आहे. निंबाखाली गाडी उभी करून, पाण्याची धार सोडत, बोटांच्या पेरांनी पत्र्याची पातळी जोखणाऱ्या पेंटरला मायक्रॉन हा शब्द माहीत नव्हता, पण कुठे थांबायचे ते त्याला पक्के माहीत होते.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. पुढच्या काही वर्षांत ती तालुक्याच्या गावांत पोचली आणि तिच्याबरोबर दुकानातले पिवळे फडके आले. पांढऱ्या मारुतीने ऊन बरे सोसले. लाल मारुती मात्र टपावर गुलाबी पडायची, कारण त्या काळचे लाल रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नसे. मग चंदेरी आणि इतर धातुछटांचे रंग रूढ झाले. त्यांतले ॲल्युमिनियमचे कण उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून वरचा पारदर्शक लेप घरोघरच्या गाड्यांवर आला. तेव्हापासून फडके रंगत नाही. कितीही घासा, लाल गाडीवरही ते पिवळेच राहते. लेप झिजतो आहे हे सांगणारी खूण गेली, आणि घासणारा हात निर्धास्त झाला.

खराब झालेला रंग उजळण्याचे काम धुण्यापासून सुरू होते, आणि परळीत निम्मे काम धुण्याचेच आहे. आधी न घासता पाण्याची धार, म्हणजे राख स्वतःच वाहून जाईल. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. हातमोजा दुसरीत खळबळून मगच पहिलीत बुडवायचा. टपापासून खाली यायचे, सरळ रेषेत, वजन न देता. पाणी कमी असेल तर पाठीवरचा औषध फवारणीचा पंप उत्तम. मात्र तो पंप शेतातल्या औषधासाठी कधीच वापरलेला नसावा. बोअरचे पाणी जड असते. ते अंगावर वाळले की पांढरे गोल डाग उरतात आणि उन्हात ते लेपात रुततात. म्हणून सावलीत धुवायचे आणि लगेच टिपून घ्यायचे. ताजा डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतो.

धुतल्यावरही हात खरखरीत लागतो, कारण राख आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण लेपाला चिकटून बसलेले असतात. त्यासाठी जपानमध्ये विकसित झालेली कणकेसारखी माती मिळते. साबणाच्या पाण्यात ती पत्र्यावरून हलकेच फिरवली की कण तिच्यात उचलले जातात. माती खाली पडली तर ती टाकून द्यावी. मोह धरू नये.

त्यानंतर मोजणी. रंगाची जाडी दाखवणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवले की आकडा येतो. सव्वाशे आला तर कारखान्याचा रंग. अडीचशे आला तर पुन्हा रंगवलेला भाग, आणि हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी भरलेली आहे. म्हणजे तिथे कधी तरी धडक बसली होती. ऐंशीच्या आसपास आला तर आधीच कोणी तरी भरपूर घासून गेले आहे, तिथे पॉलिशचे यंत्र लावायचे नाही.

चऱ्याची परीक्षा नखाने होते. नख त्याच्यावरून विनाअडथळा सरकले तर चरा पॉलिशने जाईल. नख अडकले तर जाणार नाही. अडकलेल्या चऱ्याची धार मऊ करून त्याला तसाच राहू देणे हेच शहाणे काम आहे, मालक कितीही आग्रह करो. पक्ष्याच्या विष्ठेने पडलेला खळगाही असाच. त्यातले आम्ल मे महिन्याच्या तापलेल्या टपावर काही तासांत लेपात उतरते, आणि तो खळगा बुजवायला आसपासचा सगळा लेप खाली आणणे हा भलता सौदा होतो.

कडा, रबर आणि प्लॅस्टिक चिकटपट्टीने झाकायचे. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात दोन फुटांचा तुकडा घेऊन सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करायची. जमले तर तेवढ्यावर भागते, नाहीच जमले तर एक पायरी वर. कंपाउंडमध्येही ॲल्युमिनाच असते, राखेतलेच. फरक एवढा, की इथे त्याचे कण एकसारखे आणि मापाचे असतात, फोमच्या गादीवर ओलसर राहतात आणि प्रत्येक कण जवळजवळ अदृश्य असा चरा पाडतो. गोल फिरणारे साधे यंत्र वेगाने कापते, पण एका जागी रेंगाळले तर लेप जाळते. फिरता फिरता हेलकावणारे यंत्र सावकाश काम करते आणि नवख्या हाताला क्षमा करते. घरच्या गाडीसाठी तेच घ्यावे. हात इतका सावकाश सरकवायचा की बघणाऱ्याला कंटाळा यावा. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत आटपायला हवे. पत्रा तापला की पॉलिश वाळून बसते. दर फेरीनंतर गादी ब्रशने साफ करायची, मायक्रोफायबरने पुसायचे, टॉर्चचा झोत तिरपा टाकून पाहायचे. जाळे विरलेले दिसले की थांबायचे. आणखी एक फेरी मारावीशी वाटते, ती मारू नये.

बाजारातली काही स्वस्त पॉलिशे चरे काढत नाहीत, तेलाने आणि मेणाने बुजवतात. गाडी दारात येते तेव्हा आरशासारखी असते, आणि तीन धुण्यांनंतर जाळे परत उमटते. खात्री करायची तर शेवटी अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसून मगच टॉर्च लावावा. आणि जिथे लेपाचे पापुद्रे सुटू लागले आहेत तिथे पॉलिशचे काही चालत नाही. तो भाग पुन्हा रंगवणे एवढाच मार्ग.

उजळलेल्या लेपावर संरक्षणाचा थर देतात. ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण काही आठवडे टिकते, सिरॅमिकचा लेप नीट राखला तर वर्ष-दोन वर्षे. दोन्ही चरे अडवत नाहीत. राख घट्ट बसू देत नाहीत, त्यामुळे ती पाण्याच्या धारेबरोबर निघते. परळीत या थराचा खरा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

गाडीच्या अंगावर वर्षातून एकदा हक्काने हात पडतो तो दसऱ्याला. त्या दिवशी घरातले सगळे, लहान पोरांसकट, बादल्या घेऊन गाडीभोवती जमतात. झेंडूचा हार तारेने बांधला की वाऱ्याने तार बॉनेटवर घासते. सुती दोऱ्याने बांधला की घासत नाही. बॉनेटवरचे ओले कुंकू उन्हात रंगाला डाग लावू शकते, म्हणून स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे. नवी गाडी वैद्यनाथ मंदिराच्या पायऱ्यांशी नेली तर पूजेनंतर अक्षता आणि फुले हाताने पुसून काढू नयेत. त्यांवर हलकेच फुंकर मारावी, आणि उरलेले घरी आल्यावर पाण्याच्या धारेने जाऊ द्यावे.