मूळ फाईल

"आई, पुन्हा नापास?" लेकीने मागून डोकावत विचारलं.

दुबई क्रीकवर एक दिरहमच्या अब्रामधून टिपलेली माझी संध्याकाळ, स्टॉक फुटेज विकणाऱ्या एका संकेतस्थळाने दुसऱ्यांदा परत पाठवली होती. शाळेत असताना मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या; आता माझी तपासली जात होती, आणि शेरा एवढाच: दर्जा अपुरा.

चूक माझीच होती. चित्रण फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. ४के क्लिपला भाव जास्त, म्हणून एक्सपोर्ट करताना मी ३८४० बाय २१६० निवडलं. ठिपके चौपट झाले खरे, पण नवे सगळे सॉफ्टवेअरने शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले. शिवाय सेकंदाला २५ फ्रेमचं चित्रण ३० वर नेलं, त्यामुळे अब्रा गचके खात चालली होती.

मग वहीत नियम लिहिले. जितक्या फ्रेम घेतल्या तितक्याच ठेवायच्या. इथली वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५०. दिवे लुकलुकत नाहीत. एच.२६४ घेतलं तर बिटरेटमध्ये कंजूषपणा नको: १०० मेगाबिटने २० सेकंदांची क्लिप साधारण २५० एमबी होते. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये तीच ४के क्लिप पावणेदोन जीबीच्या पुढे जाते. पण कॅमेऱ्याने मुळात ८ बिटचंच टिपलं असेल, तर प्रोरेस त्यात नवे रंग घालत नाही. डबा मोठा, लाडू तेवढेच. आणि आवाज काढून टाकायचा.

दिवाळीआधी चकलीची क्लिप चालेल असं वाटलं. दोन वर्षांपूर्वी आई व्हिजिटवर शारजाला आली होती, तेव्हा सोऱ्या फिरवणारे तिचे हात मी फोनवर ४के मध्ये टिपले होते. शोधलं, तर मूळ फाईल नाही. फोन भरला म्हणून मीच पुसली होती, "फॅमिली ग्रुपवर आहेच की" म्हणत. ग्रुपवर होती ती जेमतेम चार एमबीची. चकलीचे काटेच विरघळलेले.

रात्री एक वाजेपर्यंत सेटिंग्ज बदलत बसले. बिटरेट वाढवला, फाईल फुगली. काटे काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. म्हणाली, "अगं, आता सोऱ्या फिरत नाही माझ्याच्याने. यंदा विकतच्याच आणल्यात. तू कर, मी सांगते."

ओट्यासमोर ट्रायपॉड लावला, फोन डब्याला टेकवून आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं. पहिल्या तीन चकल्या तुटल्या. "पीठ घट्ट झालंय. पाण्याचा हात लावून मळ पुन्हा," आई म्हणाली. चौथी जमली, काट्यांसकट.

ती १५ सेकंदांची क्लिप पास झाली. नियमाप्रमाणे आवाज काढून पाठवली.

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत फोनही आवरला जातो. काही पुसण्याआधी एकदा बघा, उरणार आहे ती मूळ प्रत आहे की ग्रुपवरची. माझ्याकडची तुटलेल्या चकल्यांसकटची, आईच्या आवाजाची अख्खी फाईल आता दोन हार्ड डिस्कवर आहे. तिला कुठलंच सेटिंग लावलेलं नाही.