मोफत चष्मा कोणाला मिळतो? माझ्या वर्गातली एक गोष्ट



आज पाठ नाही, स्वाध्याय नाही. एक चूक सांगायची आहे, आणि त्या चुकीमुळे मला जी माहिती गोळा करावी लागली तीही सांगायची आहे. कारण आमच्या सावली तालुक्यातच नाही, तर शेजारच्या मूल, सिंदेवाहीकडचे शिक्षकही मला हेच विचारतात की, सर, चष्मा फुकटात मिळतो म्हणतात, तो नेमका कोणाला?

माझी शाळा दोनशिक्षकी. पहिली ते चौथी. गाव धानाचं, एका बाजूला बांद्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल. वर्गात एक मुलगी होती, तेव्हा तिसरीत. नाव लिहीत नाही. शांत, हसरी, मागच्या पट्टीवर मैत्रिणीला चिकटून बसायची. पाठ्यपुस्तक बऱ्यापैकी वाचायची, पण पुस्तक नाकाला लावून. फळ्यावरचं लिहून घ्यायला सांगितलं की मात्र चुकाच चुका. ५२ चे २५, 'घ' चा 'ध'. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं : 'लक्ष देत नाही. सराव आवश्यक.' निपुण भारतच्या याद्या भरताना तिला मी मागे पडणाऱ्या मुलांत टाकलं. डीएड करताना आम्हाला बालमानसशास्त्र होतं, त्यात दृष्टिदोष असलेल्या मुलाची लक्षणंसुद्धा होती. मी ती पाठ केली होती आणि पेपरात लिहून आलो होतो.

मार्चमधली गोष्ट. तिची मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती. फळ्यावर भागाकाराची पाच उदाहरणं दिली. सगळ्यांच्या वह्या तपासत तिच्यापाशी आलो तर वही कोरी. मी वैतागलो होतो, दुसऱ्या वर्गातही गोंधळ चालू होता. मोठ्या आवाजात म्हणालो, "दिसत नाही का फळ्यावर?"

ती म्हणाली, "नाही सर."

उद्धटपणा नव्हता त्यात. मी प्रश्न विचारला होता, तिने उत्तर दिलं. वर्ग हसला. तीही थोडी हसली. वर्षभर ती मैत्रिणीच्या वहीतून लिहीत होती, आणि मैत्रिणीच्या चुका तिच्या चुका होत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आता तुम्ही विचाराल, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं ना? येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक गाडीने येतं, त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत वर्षातून एकदा. आमच्याकडेही जानेवारीत आलं होतं. पण ही मुलगी त्या दिवशी गावातच नव्हती. आई-बाबा तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, तीही सोबत. आमच्या भागात धान निघाला की कितीतरी कुटुंबं जातात. हजेरीत मी 'गै' लिहिलं, तपासणीच्या यादीतही तसंच राहिलं, आणि तिची तपासणी पुढच्या जानेवारीवर गेली. पथकाचा यात दोष नाही. त्या दिवशी कोण कोण सुटलं ते लिहून ठेवायचं काम माझं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी तक्ता काढला. आमच्या कपाटात एक जुना 'ई' चा तक्ता होता, वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंतर ६ मीटर पाहिजे. आमची खोली तेवढी लांब नाही, म्हणून वऱ्हांड्यात टेपने मोजून खडूची रेघ मारली. तक्त्यावर उजेड पडला पाहिजे, पण मुलाच्या डोळ्यावर ऊन नको. एका वेळी एकच डोळा. दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, कारण पोरं बोटांच्या फटीतून हमखास पाहतात. डोळा दाबायचाही नाही. मूल बोटांनी दिशा दाखवतं, त्यामुळे अक्षर येत नसलं तरी चालतं, पहिलीतलं लेकरूही करतं. बाकीच्या मुलांना मात्र लांब ठेवा. नाहीतर मागून "वर! वर!" सुरू होतं आणि सगळ्यांची नजर उत्तम निघते.

६/६ म्हणजे चांगली नजर. ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसतं ते या मुलाला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसतं. ६/९ ची ओळ वाचता आली नाही तर पुढे पाठवायचं, एवढंच शिक्षकाचं काम. नंबर काढणं आपलं काम नाही. तिला उजव्या डोळ्याने फक्त सगळ्यात वरचा मोठा 'ई' दिसला. डाव्याने त्याखालच्या दोन ओळींपर्यंत गेली.

संध्याकाळी घरी गेलो. आजी अंगणात मोहफुलं वाळवत होती. मी सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. "दिसते जी तिले, सुईत दोरा टाकून देते मले." बरोबरच होतं. तिला जवळचं दिसायचं, लांबचं नाही. चष्म्याचं नाव काढलं आणि आजीचा चेहरा बदलला. "चष्मेवालीले कोन पुसते गुर्जी?" आठ वर्षांची पोर, आणि घरात लग्नाची चिंता. मी काही बोलायच्या आत तिचे बाबा म्हणाले, "माय, तिले बांदीतला बैल दिसत नाही, वाघ का दिसते मंग?"

बाहेरच्या वाचकांना हे वाक्य विनोदी वाटेल. आमच्याकडे नाही. सरपणाला, मोहफुलाला, गुरामागे गेलेली माणसं वाघाने मारल्याच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रात नाही, गावात ऐकतो. त्या एका वाक्यानंतर आजी काही बोलली नाही.

आता पात्रतेचं सांगतो, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. त्या संध्याकाळी बाबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो रेशनकार्डचा. पिवळं लागते का केशरी? यासाठी कार्डाचा रंग लागत नाही. जात लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीतलं मूल आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत पहिली ते बारावीत शिकणारं मूल, एवढ्यावर ते पात्र. चष्मा येतो तो राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून. हा कार्यक्रम १९७६ पासून आहे, आणि शाळेतल्या मुलांची नजर तपासून ज्यांना लागेल त्यांना चष्मा मोफत देणं हे त्याच्या कामात येतं. म्हातारपणी जवळचं दिसत नाही त्यांच्या चष्म्याचीही त्यात तरतूद आहे. हे मी आजीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

विनाअनुदानित कॉन्व्हेंटमधल्या मुलांच्या शाळेत हे पथक जात नाही. पण त्यांच्या पालकांनी मुलाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यात ग्रामीण रुग्णालयही आलं. जाताना आधारकार्ड आणि शाळेची चिठ्ठी सोबत ठेवा, नोंदणी लवकर होते. डोळे तपासणारे कोणत्या वारी बसतात हे आशाताईंना विचारूनच निघा. आम्ही न विचारता गेलो असतो तर एक रोजी वाया गेली असती.

एका पालकांनी विचारलं, चष्मा लागला म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का? नाही. प्रमाणपत्राचे लाभ किमान ४० टक्के अपंगत्वाला आहेत, आणि नजर मोजतात ती चष्मा लावून. चष्म्याने नीट दिसत असेल तर ते अपंगत्व नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे, असं मी त्यांना म्हणालो. त्यांना ती फारशी आनंदाची वाटली नाही. ज्या मुलांना चष्मा लावूनही नीट दिसत नाही त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी समग्र शिक्षामध्ये मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि साधनं आहेत, केंद्रप्रमुखांकडे किंवा विशेष शिक्षकांकडे नाव द्या.

तर कागदावर सगळं मोफत. पण पहिल्या दिवशी बाबांची मजुरी बुडाली. डॉक्टरांनी सांगितलं, लहान मुलांचा नंबर औषध टाकून काढावा लागतो, नाहीतर डोळा ताण देऊन चुकीचा नंबर दाखवतो. म्हणजे पुन्हा एक फेरी. दुसऱ्या वेळी आई गेली, कारण एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आणि मुलीलाही अर्धं. नंबर निघाला : उजवा वजा अडीच, डावा वजा दोन. नाव यादीत गेलं. यादी वर गेली. आणि मग आम्ही वाट पाहायला लागलो.

एप्रिल आला. परीक्षा तोंडावर. चष्मा नाही. इथे मी जे केलं ते बरोबर की चूक, मला आजही ठरवता येत नाही. आमचा जिल्हा चंद्रपूर, पण बाजार गडचिरोलीचा. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की झालं. एका रविवारी चिठ्ठी घेऊन गेलो आणि ६५० रुपयांत चष्मा करून आणला. सोमवारी तिने तो लावला, फळ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि बराच वेळ बाहेरच पाहत राहिली. मी भागाकार थांबवला.

त्याच आठवड्यात दुसरीतल्या एका मुलाचे बाबा शाळेत आले. "सर, तिले दिला, माह्या पोराले काऊन नाही?" त्यांचा मुलगा त्याच यादीत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खिशातून एकाला देता येतं, चौघांना नाही. आणि मी खिशातून दिलं की यादीचा पाठपुरावा करायची माझी स्वतःची घाई कमी होते, हेही माझ्या लक्षात आलं. त्यानंतर मी दर आठवड्याला फोन करत राहिलो. सगळ्यांचे चष्मे जुलैत आले. तिचाही आला. मोठा, तपकिरी, नाकावरून घसरणारा. तिने तो घरी ठेवला आहे, पहिला फुटला तर म्हणून.

चौकटीची गोष्ट लहान वाटते, पण मूल चष्मा लावणार की दप्तरात ठेवणार हे बरंचसं त्यावर ठरतं. इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांची नजर सरकारी खर्चाने तपासतात आणि चष्म्यासाठी व्हाउचर देतात, म्हणजे दुकानात जाऊन चौकट आपण निवडायची. आपल्याकडे निदान माप घेताना मुलाला दोन रंग दाखवले तरी पुरे. आमच्या दुसरीतल्या त्या मुलाला वर्गात "मास्तर" म्हणून चिडवायचे. मी त्याला आठवडाभर हजेरी घ्यायला लावली. मग चिडवणं बंद झालं, उलट दोघं तिघं म्हणायला लागले की त्यांनाही कमी दिसतं.

जूनअखेर शाळा उघडली तशी मी सगळ्या वर्गांची नजर तपासली. पथकाची वाट पाहिली नाही. पहिलीत एक नवा मुलगा, सहा वर्षांचा, चुणचुणीत. दोन्ही डोळ्यांनी फळ्यावरचं सगळं सांगायचा. उजवा डोळा झाकला आणि तो गप्प झाला. हात खाली घ्यायला लागला. डाव्या डोळ्याने त्याला वरची ओळही धड दिसत नव्हती, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यालासुद्धा. चांगला डोळा सगळं काम करत होता. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तो डोळा कामाला लावण्याची चांगली संधी असते. नंतर ते अवघड होत जातं. म्हणून एकेक डोळा झाकून पाहा असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. पालकांनो, हे घरीसुद्धा करता येतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

त्याची पट्टी रोज दोन तास असते. घरी आई कामाला गेली की तो ती काढून टाकतो, म्हणून ते दोन तास आम्ही शाळेत घेतले आहेत, सकाळी परिपाठ झाल्यापासून. पट्टी लावली की तो रडायचा. आता चित्रं रंगवतो, रेघेबाहेर जातात, पण रंगवतो. चार महिन्यांनी तपासलं तेव्हा डावा डोळा दोन ओळी खाली आला होता.

ती मुलगी यंदा पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. दाखल्यावर चष्म्यासाठी रकाना नसतो. म्हणून तिच्या नव्या वर्गशिक्षकांना फोन केला, नंबर सांगितला, पुढे बसवा म्हटलं, आणि तिचा नंबर वाढतोय म्हणून दरवर्षी तपासायला सांगा म्हटलं. सर म्हणाले, "वर्गात बेचाळीस आहेत. तुमच्याकडे तो तक्ता आहे का?" या शनिवारी सकाळची शाळा सुटली की तक्ता आणि टेप घेऊन मी तिकडे जातो आहे.